सहा वर्षांखालची मुलं नेमकी किती? आकडे कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे

तुमच्या तालुक्यात आज सहा वर्षांखालची मुलं किती आहेत? प्रश्न अगदी साधा वाटतो. अंगणवाड्या किती हव्यात, लसी किती मागवायच्या, दोन वर्षांनी पहिलीत किती मुलं येतील, हे सगळं ह्या एका आकड्यावर ठरतं. पण तुम्ही तो शोधायला बसलात तर संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे चार वेगवेगळे आकडे जमा होतील, आणि चारही सरकारी असतील.

माझं पीएचडीचं काम बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या लहान मुलांवर आहे. त्यामुळे ह्या चार आकड्यांशी माझी रोजची गाठ असते. (घरी 'दिवसभर आकडे बघत होते' म्हटलं की काका हसतात. आमच्या गावात आकडा ह्या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे.) आजच्या लेखात मी हे आकडे कुठे मिळतात ते सांगणार आहे, पण त्याहून जास्त, प्रत्येक आकड्यात कोणतं मूल मोजलंय आणि कोणतं मोजलेलं नाही, हे सांगणार आहे.

सुरुवात जनगणनेपासून करू, कारण गावपातळीचा आकडा फक्त तिथेच आहे. शेवटची जनगणना २०११ ची. तिच्या 'प्राथमिक जनगणना गोषवारा' ह्या तक्त्यात देशातल्या प्रत्येक गावासाठी आणि शहरातल्या प्रत्येक वॉर्डासाठी ०–६ वयोगटातली मुलं, मुलगे आणि मुली वेगळे, अशी संख्या दिलेली आहे. ती एक्सेल फाइल फुकट उतरवून घेता येते. एक छोटी अडचण आधीच सांगून ठेवते. बीडचं इंग्रजी स्पेलिंग तिथे दोन 'ई'चं नाही, एका 'आय'चं आहे. त्यामुळे नेहमीच्या सवयीने शोधलं तर आख्खा जिल्हाच गायब झाल्यासारखा वाटतो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवही अर्थातच जुन्या नावांनीच शोधायचे.

महाराष्ट्रातली ०–६ वयाची मुलं २०११ मध्ये १ कोटी ३३ लाख होती. तुम्हाला काही ठिकाणी १ कोटी २८ लाख असंही सापडेल. तेही खोटं नाही. तो मार्च २०११ मध्ये जाहीर झालेला तात्पुरता आकडा आहे. प्रगणकांनी हाताने केलेल्या बेरजांवरून तो काढला होता. नंतर एकूणएक अर्ज वाचून झाल्यावर अंतिम आकडा आला. दोन्हींत पावणेपाच लाखांहून जास्त मुलांचा फरक आहे, आणि आजही कित्येक अहवालांमध्ये तात्पुरताच आकडा फिरत असतो. तेव्हा २०११ चा आकडा दिसला की आधी 'तात्पुरता की अंतिम' एवढं बघून घ्या.

आता ह्या '०–६' कडे नीट बघू. मला विचाराल तर ह्या क्षेत्रातले निम्मे घोटाळे ह्या दोन अंकांमध्ये आहेत. जनगणनेत वय पूर्ण झालेल्या वर्षांत लिहितात. म्हणजे सहा वर्षं अकरा महिन्यांचं मूलही 'सहा'च. म्हणून जनगणनेचा ०–६ गट म्हणजे सातवा वाढदिवस न झालेली सगळी मुलं, एकूण सात वर्षांची मुलं. (साक्षरता सात वर्षांपासून पुढे मोजतात, त्याखालची मुलं वेगळी काढावी लागतात, म्हणून हा गट असा विचित्र आहे. बालकांच्या कल्याणाशी त्याचा मुळात संबंध नाही.) अंगणवाडीत पूरक आहार मिळतो तो सहा महिने पूर्ण झाल्यापासून सहाव्या वाढदिवसापर्यंत. म्हणजे साडेपाच वर्षांची मुलं. कुटुंब आरोग्य पाहणीत पोषण मोजतात ते पाच वर्षांखालच्या मुलांचं, म्हणजे ० ते ५९ महिने.

हिशेब करून बघा. समजा एका गावात जनगणनेच्या व्याख्येने ०–६ ची १००० मुलं आहेत, आणि दरवर्षी साधारण सारखीच मुलं जन्मतात. त्यातली अंगणवाडीच्या वयाची किती? साडेपाच भागिले सात, म्हणजे सुमारे ७८६. आता कोणीतरी अंगणवाडीच्या नोंदी घेतल्या, जनगणनेच्या आकड्याने भागलं आणि सांगितलं की 'गावातली २१ टक्के मुलं अंगणवाडीबाहेर आहेत', तर? एकही मूल बाहेर नसताना हा निष्कर्ष निघतो. उलटही होतं. खरोखर मुलं बाहेर राहिलेली असतात, पण छेदच छोटा घेतलेला असल्यामुळे नोंदणी शंभर टक्के दिसते. टक्केवारी वाचताना आपलं लक्ष अंशावर असतं. लहान मुलांच्या बाबतीत गोंधळ बहुतेकदा छेदात असतो.

मग गावातली पाच वर्षांखालची मुलं किती, हे कसं काढायचं? गावासाठी एकेका वर्षाच्या वयाचा तक्ता मिळत नाही, पण जिल्ह्यासाठी मिळतो. त्याचं नाव सी-१३. त्यावरून तुमच्या जिल्ह्यात ०–६ पैकी ०–४ किती, हे प्रमाण काढा आणि गावाच्या आकड्याला लावा. हा अंदाजच आहे, पण कसा केला ते सांगता येतं आणि दुसऱ्याला तपासता येतं.

सी-१३ उघडलात तर आणखी एक गोष्ट खटकेल. देशात २०११ मध्ये ०–४ वयाची मुलं ११.२८ कोटी आणि ५–९ वयाची १२.६९ कोटी. लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी. काही अंशी ह्याचं कारण आनंदाचं आहे, जन्मदर खरोखर घटला आहे. काही अंशी वय सांगण्यातली ढिलाई आहे. 'चार संपून पाचवं लागलं' ह्याचं चटकन 'पाच' होऊन जातं. आणि काही अंशी ही मुलं मोजायचीच राहून जातात. ही केवळ आपल्याकडची गोष्ट आहे असं समजू नका. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत पाच वर्षांखालची ५.४ टक्के मुलं मोजायची राहिली, असा तिथल्याच जनगणना खात्याचा अंदाज आहे. आजीआजोबांकडे राहणारं मूल, आईवडील वेगळे राहत असलेलं मूल, नात्यागोत्याची बरीच माणसं एका घरात राहत असतात तिथलं मूल. दारात आलेल्या माणसाने 'घरात किती जण?' असं विचारलं की मोठी माणसं स्वतःला मोजतात. कडेवरचं मूल मोजायचं असतं हे सगळ्यांच्या लक्षात येतंच असं नाही.

कुटुंबाची माहिती हवी असेल तर जनगणनेचे छापील तक्ते फार पुढे नेत नाहीत. मूल कोणाजवळ राहतं, आई किती शिकलेली आहे, घरात पाणी कुठून येतं, मुलाचं वजन किती, हे सगळं एकत्र बघायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे जावं लागतं. १९९२–९३ पासून ती चालू आहे आणि मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था तिचं काम बघते. पाचवी फेरी २०१९–२१ ची. महाराष्ट्रात तेव्हा ३१,६४३ घरांत मुलाखती झाल्या. वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं ३५.२ टक्के आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेली २५.६ टक्के, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेले आकडे इथलेच.

राज्यासाठी ही पाहणी उत्तम आहे. जिल्ह्यासाठी जरा जपून. ३१ हजार घरं ३६ जिल्ह्यांत वाटली की जिल्ह्याला साधारण पावणेनऊशे घरं येतात. लसीकरण मोजतात ते १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं. पावणेनऊशे घरांत त्या वयाची मुलं किती असणार? माझ्या ढोबळ हिशेबाने पन्नास-साठ. एवढ्या मुलांवरून काढलेली टक्केवारी दहा-बारा टक्क्यांनी इकडेतिकडे होणं अगदी साहजिक आहे. जिल्ह्याच्या माहितीपत्रकात काही आकडे कंसात दिसतात, काही ठिकाणी नुसती फुली असते. कंस म्हणजे २५ ते ४९ मुलांवरून काढलेला आकडा, फुली म्हणजे २५ पेक्षाही कमी, म्हणून छापलाच नाही. ही तळटीप फार प्रामाणिक आहे. पण बातमी होताना कंस गळून पडतो.

जन्माच्या वेळचं लिंगगुणोत्तर हे तर जिल्हा पातळीवर ह्या पाहणीतून काढूच नये, असं माझं मत आहे. तीनशे जन्मांवरून काढलेलं गुणोत्तर केवळ योगायोगाने साडेसातशे ते साडेअकराशे ह्यांच्यामध्ये कुठेही पडू शकतं. त्यावरून 'अमुक जिल्ह्यात मुली वाढल्या' असा मथळा करणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. २०११ मध्ये बीडचं ०–६ वयाचं लिंगगुणोत्तर ८०७ होतं, दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. तो आकडा मात्र जिल्ह्यातल्या सगळ्या मोजलेल्या मुलांवरून आलेला होता, म्हणून त्याने झोप उडायला हवी होती.

पाहणीचा मूळ विदा, म्हणजे नावं काढून टाकलेल्या एकेका घराची माहिती, संशोधनासाठी अर्ज करून मिळवता येते. मिळाली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्यात मुलांची माहिती दोन फाइलींत आहे. एक 'मुलांची' फाइल. तिच्यात फक्त ती मुलं आहेत ज्यांच्या आईची मुलाखत झाली. दुसरी घरातल्या सगळ्या माणसांची फाइल. तिच्यात आई घरात नसलेली मुलंही आहेत आणि त्यांचीही उंची-वजनं आहेत. नवीन विद्यार्थी नाव बघून सरळ पहिली फाइल उघडतात. आई कारखान्याला गेली आणि मूल आजीजवळ राहिलं, तर ते मूल पहिल्या फाइलीत नसतंच. माझ्या विषयातली निम्मी गोष्ट तिथे पुसली जाते.

जन्मनोंदणीत काय दिसतं? जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, आणि नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे, मूल जिथे राहणार तिथे नव्हे. आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात हल्ली बहुतेक बाळंतपणं रुग्णालयात. सासर केजला, माहेर परळीला आणि प्रसूती अंबाजोगाईच्या रुग्णालयात, तर नोंद अंबाजोगाईची. मोठं रुग्णालय असलेल्या गावात म्हणून जन्मच जन्म दिसतात आणि आजूबाजूची गावं रिकामी. नोंदणीच्या अर्जात आईचं राहण्याचं गाव विचारलेलं असतं, पण ते अर्जाच्या सांख्यिकी भागात. गावपातळीवर जी यादी बघायला मिळते ती घटनेच्या जागेची. एखाद्या गावातले जन्म मोजून 'तीन वर्षांनी बालवाडीत इतकी मुलं येतील' असा अंदाज ह्यावरून बांधू नका.

कुटुंब आरोग्य पाहणीतही माहेरपण येतंच. आदल्या रात्री त्या घरात झोपलेली बाई आणि मूल तिथेच मोजले जातात. राज्याच्या आकड्याला त्याने धक्का लागत नाही, कारण माहेर-सासर बहुतेक राज्यातच असतं. पण तान्ही बाळं कोणत्या घरांत, कोणत्या परिस्थितीत वाढतात असा प्रश्न असेल, तर काही बाळं आजोळच्या चुलीवर मोजली गेली आहेत हे ध्यानात ठेवायला हवं.

शाळांच्या 'यू-डायस प्लस' मध्ये शाळेत नाव असलेलीच मुलं असतात, म्हणून तीन वर्षांखालच्यांसाठी ते निरुपयोगी. नमुना नोंदणी पद्धतीतून बालमृत्यूदर मिळतो (२०२० चा महाराष्ट्राचा आकडा दर हजार जिवंत जन्मांमागे १६), पण तो राज्यापुरताच, जिल्ह्याचा नाही. आणि २०११ नंतरच्या वर्षांसाठी लोकसंख्येचे जे अधिकृत अंदाज वापरतात ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक गटाच्या अहवालातले. २०११ ते २०३६ पर्यंत, वयोगटांनुसार, पण तेही राज्यापुरतेच. तालुक्याचा छेद कोणाकडेच नाही.

जिल्ह्याच्या सीमांचं एक सांगते आणि पुढे जाते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तो नाही, २०१५–१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही नाही. २०१९–२१ च्या फेरीत आहे. त्यामुळे 'चौथ्या फेरीतलं ठाणे' आणि 'पाचव्या फेरीतलं ठाणे' हे दोन वेगळे प्रदेश आहेत. एकात जव्हार-मोखाडा आहे, दुसऱ्यात नाही. दोन्हींची तुलना करून ठाण्याचं कुपोषण घटलं असं म्हणणं म्हणजे आजारी माणसाला दुसऱ्या खोलीत नेऊन घर निरोगी झालं म्हणण्यासारखं आहे. २०११ चा पालघर हवा असेल तर तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा, पालघर आणि वसई ह्या आठ तालुक्यांची बेरीज करायची.

आता माझ्या मुलांकडे येते. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून नवरा-बायकोच्या जोड्या, ज्यांना 'कोयता' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. शाळेतल्या मुलांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण दोन वर्षांचं पोर वसतिगृहात कसं ठेवणार? ते एकतर आजीजवळ राहतं नाहीतर आईबरोबर कोपीवर जातं. म्हणजे स्थलांतरात सर्वांत जास्त फिरणारी मुलं नेमकी सहा वर्षांखालची.

आता वरचे सगळे स्रोत ह्या एका पोराला लावून बघा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, संदर्भक्षण १ मार्चच्या सुरुवातीचा. हा सगळा काळ ऐन हंगामाचा. मोजणीचा पूर्ण काळ जो घराबाहेर आहे त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे कोपीतलं पोर मोजलं गेलं असेल तर सांगली-कोल्हापूरच्या खात्यात, आणि फडावरच्या कोप्या प्रगणकाच्या यादीतून सुटल्या असतील तर कुठेच नाही. बीडचा ०–६ चा आकडा हा म्हणून फेब्रुवारीतल्या बीडचा आकडा आहे. जूनमध्ये त्याच गावात त्याहून जास्त मुलं असतात.

कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात २० जून ते ३० डिसेंबर २०१९ ह्या काळात झाली. पथक एखाद्या गावात ऑगस्टमध्ये पोचलं तर सगळी घरं उघडी, डिसेंबरमध्ये पोचलं तर निम्म्यांना कुलूप. कुलूप असलेलं घर प्रतिसादाच्या हिशेबातही धरत नाहीत, कारण प्रतिसादाचं प्रमाण राहत्या घरांवर काढतात. म्हणून वस्ती रिकामी असली तरी प्रतिसाद ९५ टक्क्यांच्या वरच दिसू शकतो. त्यात काही लबाडी नाही, व्याख्याच तशी आहे. मात्र जी कुटुंबं दिवाळीनंतर गावातच राहू शकतात त्यांचीच मुलं मोजली जातात, आणि ती कुटुंबं जरा बऱ्या परिस्थितीतली असतात.

अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर मार्च २०२१ पासून सुरू आहे. त्यातली कुपोषणाची टक्केवारी त्या महिन्यात वजन-उंची घेतलेल्या मुलांवर निघते. नोव्हेंबरमध्ये जे पोर कोपीवर गेलं त्याचं वजन गावात होणार नाही. मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवायची सोय ॲपमध्ये आहे, पण त्यासाठी फडापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर अंगणवाडी हवी, तिथल्या सेविकेला ह्या कोप्या माहीत हव्यात, आणि पहाटेच तोडीवर गेलेल्या आईला तिथे जायला वेळ हवा. ज्या मुलांचं वजन घटण्याची भीती सर्वांत जास्त, तीच हिवाळ्यात तराजूपासून लांब असतात. तेव्हा एखाद्या ऊसतोड तालुक्यात डिसेंबरात कुपोषण घटलेलं दिसलं तर त्याच महिन्यात वजन घेतलेली मुलं किती, हे शेजारच्या रकान्यात बघा. दोन्ही एकदमच घटले असतील तर मुलं सुधारली असं म्हणता येणार नाही.

मी काय करते ते थोडक्यात सांगते. गावाचा छेद मी अंगणवाडी सेविकेच्या कुटुंबनोंदीच्या रजिस्टरवरून घेते आणि तो जून-जुलैमध्ये, सगळी माणसं परत आलेली असताना. त्यात घर, माणसं आणि नाती असतात, नुसती लाभार्थींची यादी नसते. मग डिसेंबरमध्ये त्याच यादीतलं कोणतं मूल कुठे आहे, हे नावानिशी विचारायचं. गावात, आजीकडे, की बरोबर गेलं. सेविकेला हे तोंडपाठ असतं. तिच्याकडून ते कोणी विचारत नाही, कारण कुठल्याच नमुन्यात तो रकाना नाही. दुसऱ्या टोकाला, कारखान्याकडे, एक यादी असते, मुकादमाची. तिच्यात कोयते किती आणि उचल किती हे पैशापैशापर्यंत असतं. मुलं त्या यादीत नसतात.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे आणि माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत व्हायची आहे. म्हणजे पुन्हा हंगामातच. तुमचं गाव उसाच्या पट्ट्यात असेल तर मोजणीच्या वेळी प्रगणकाला फडावरच्या कोप्या दाखवा, आणि तिथे 'किती जण?' असं न विचारता 'लहान मूल कोण कोण आहे?' असं वेगळं विचारायला सांगा.